‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका

कपिलधारच्या यात्रेचे निमित्त करून त्या दुरुस्तीवाल्याने मला दिवाळीपासून झुलवले. “कार्तिकी पौर्णिमा होऊ द्या, साहेब.” पौर्णिमा झाली, मन्मथस्वामींचे भाविक घरी परतले, मांजरसुंब्याचा रस्ता मोकळा झाला, तेव्हा उत्तर आले : “बोर्डच गेलाय, भंगारात टाका.” मजुरी मात्र घेतली.

मशीन सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणक, ४८ के, बोर्ड इश्यू ३. काकांनी आखातातून आणलेले. (पुण्याची डेसिबेल्स कंपनीही ‘डीबी स्पेक्ट्रम’ विकायची, तेव्हा माळे तपासा.)

गेलेल्या बोर्डावर १९८२ सालची सिंक्लेअरची ओळ स्वच्छ कशी उमटते? मी ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ दिले. ६५५३५ यायला हवे होते, आले ३२७६७. म्हणजे खालची १६ के ठणठणीत, वरची ३२ के गायब.

वरच्या आठ चिप्स मुळात ६४ किलोबिटच्या, पण एक अर्धा भाग सदोष निघालेल्या. सिंक्लेअरने त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. कुठला अर्धा, हे बोर्डावरच्या तारेच्या जोडीने ठरते, आणि ती जोड आठही चिप्सना एकच. भिंग घेऊन वाचले : सात चिप्सवर टीएमएस ४५३२ पुढे एनएल ४, आठवीवर एनएल ३! आठवी त्यानेच बसवलेली, डाग अजून चकाकत होता. फोन केला तर म्हणतो, “नंबर सेमच आहे की.” शेपटीचा आकडा वाचायचे कष्ट नकोत, आणि वर मलाच शिकवतो.

तेव्हा जोड हलवण्याआधी आठही चिप्सचे पूर्ण नंबर लिहून घ्या. एकच बदलायची असेल तर सरळ ४१६४ लावा. ती पूर्ण चांगली असते, जोड कुठेही असली तरी चालते. पण खालच्या ४११६ च्या जागी ती तशीच खोचू नका, तिथे आठव्या पायावर १२ व्होल्ट असतात. ४११६ ला उणे ५ व्होल्ट मिळतात ना, हेही आधी मोजा. ते नसतील तर नव्या चिपाही जळतील. फोटो काढा, घाई करू नका, हे वेगळे सांगायला नको.

मी आठवी चिप बदलली, मशीन आता ६५५३५ दाखवते. मजुरी परत मिळाली नाही. त्याचे नाव छापत नाही. बीडला आलात तर तोंडी सांगेन.