गर्भातील मूत्रपिंडांची वाढ व मोजमाप

रक्त गाळून शुद्ध करणाऱ्या दोन्ही मूत्रपिंडांची पायाभरणी मातेच्या उदरातच होते. म्हणूनच गर्भावस्थेत त्यांची वाढ यथायोग्य होत आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गर्भाचे वय मातेच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यांत मोजतात. या गणनेनुसार सुमारे सातव्या आठवड्यात कायमच्या मूत्रपिंडांची घडण सुरू होते. प्रथम ती ओटीपोटात असतात. पुढे क्रमाक्रमाने वर सरकून कमरेच्या भागात स्थिरावतात. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्यांत मूत्र तयार होऊ लागते. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भाभोवतालच्या पाण्याचा मोठा भाग या मूत्राचाच असतो. हे पाणी फारच कमी पडल्यास गर्भाच्या फुफ्फुसांची वाढ खुंटण्याचा धोका संभवतो.

मूत्रपिंडांचे मोजमाप सोनोग्राफीने करतात. गर्भाचे वय जितके आठवडे, जवळजवळ तितकेच मिलिमीटर मूत्रपिंडाची लांबी, असा एक स्थूल आडाखा आहे. विसाव्या आठवड्यात ती सुमारे २ सेंटिमीटर, तर दिवस भरतेवेळी सुमारे ४ सेंटिमीटर असते. मूत्रपिंडात मूत्र जेथे साठते त्या पोकळीचा पुढून मागे व्यास २८ आठवड्यांपूर्वी ४ मिलिमीटरहून व त्यानंतर ७ मिलिमीटरहून कमी असणे सर्वसाधारण मानले जाते. तो अधिक आढळल्यास घाबरून जाऊ नये; पुष्कळदा ही सूज आपोआप ओसरते. मात्र डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी चुकवू नये.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत त्यांची निर्मिती पूर्ण होते. पूर्ण दिवसांच्या बालकात जन्मानंतर एकही नवी गाळणी तयार होत नाही. आहेत त्याच आकाराने वाढतात. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बालकांत त्यांची संख्या कमी राहण्याचा संभव असतो व पुढील आयुष्यात रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार जडण्याची भीती वाढते.

यास्तव गरोदर स्त्रीस पोषक आहार व पुरेशी विश्रांती मिळावी. रक्तदाब व मधुमेह यांची वेळोवेळी तपासणी व्हावी. वैद्यकीय सल्ल्यावाचून वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत; त्यांपैकी काही गर्भाच्या मूत्रपिंडांस अपायकारक ठरतात. अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतील सोनोग्राफी टाळू नये. ही तपासणी गर्भाच्या आरोग्यासाठी आहे; तिच्याद्वारे गर्भलिंग विचारणे वा सांगणे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मुलगा असो वा मुलगी, मूत्रपिंडांची जपणूक सारखीच मोलाची होय.