आधी चोच बघ, मग रंग

निफाड,
आश्विन वद्य चतुर्थी

चि. ओंकार,


दिवाळीच्या सुट्टीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येतोयस, हे वाचून फार आनंद झाला. पण एका सकाळी किती जाती दिसतील, हा तुझा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. त्याऐवजी प्रत्येक पक्ष्याला मनातल्या मनात विचार: तू नेमका इथेच, एवढ्याच पाण्यात का?

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा जुना बंधारा. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याची साठवण घटली, पण पक्ष्यांचं फावलं. २०२० साली हे ठिकाण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, ते या उथळ पाण्यामुळेच.

काठावरच्या चापडगावच्या बाजूने चालताना काठापासून आत बघत जा. ओल्या चिखलावर शेपूट हलवत किडे टिपणारे धोबी आणि तुतारी. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याच्या पुढे गोगलगायी शोधणारा मुग्धबलाक. मोकळ्या पाण्यात थापट्या आपली फावड्यासारखी चोच पृष्ठभागावर फिरवून पाणी गाळतो, तर तलवार बदक शेपूट वर करून लांब मान खाली तळापर्यंत नेतं. एकाच तळ्यात दोघांचं ताट वेगळं.

रंगांवर मात्र या दिवसांत विसंबू नकोस. वीण आटोपल्यावर नर बदकांची भडक पिसं झडतात. आपल्याकडे पोचतात तेव्हा त्यांतले बरेचसे नर माद्यांसारखेच भुरकट दिसतात. पुस्तकातल्या चित्राशी ते जुळणार नाहीत. चोचीचा आकार आणि खाण्याची पद्धत मात्र बदलत नाही. म्हणून आधी वहीत लिही, पुस्तक नंतर उघड.

आणखी एक गोष्ट, आणि ही माझी आज्ञाच समज. फोटोसाठी पक्षी उडवायचा नाही. चक्रांग बदक वजनाने साधारण ३०० ग्रॅमचं. एवढासा जीव हिमालय ओलांडून येतो आणि प्रवासात झिजलेली चरबी इथे भरून काढतो. प्रत्येक दचकून उडण्याची किंमत त्याला चुकवावी लागते. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, की तू फार जवळ गेलास असं समज आणि मागे सर. शिकारी भोवत्या डोक्यावरून गेला तर थवे उठतीलच. तुझ्यामुळे उठता कामा नयेत.

मळकट रंगाचे कपडे घाल, उजाडायच्या आत नीघ आणि सूर्य पाठीशी ठेवून एका जागी निदान तासभर बस. पाणी किती खोल आहे, कोण कुठे काय खातंय, हे दर वेळी टिपून ठेव. मग एखाद्या वर्षी पाणी चढलं किंवा आटलं, तर कोणाचं ताट हिरावलं गेलं ते तू वहीच्या आधारे सांगू शकशील. पाणथळ जागा राखायच्या तर असं बोट ठेवून सांगणारी माणसं हवीत. तू त्यांतला एक हो.

तुझी,
आत्या