रक्ताचा कोरडा ठिपका आणि व्हायरल लोड

प्रश्न : माझ्या बाळाची एचआयव्ही तपासणी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवरून झाली. माझा व्हायरल लोड मात्र शिरेतून रक्त काढूनच का मोजतात? ठिपक्यांची पद्धत अचूक नसते का?

उत्तर : बाळाच्या बाबतीत विषाणू आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं. तुमच्या बाबतीत तो किती आहे हे मोजायचं असतं, तेही प्लाझ्मात. कागदावरच्या ठिपक्यात प्लाझ्माबरोबर रक्तपेशीही सुकतात. एआरटीमुळे (एचआयव्हीविरोधी गोळ्यांमुळे) प्लाझ्मातला विषाणू जवळपास नाहीसा झाला, तरी पेशींत दडलेला त्याचा डीएनए आणि आरएनए उरतोच. काही चाचण्या तोही मोजतात आणि आकडा फुगतो. शिवाय ठिपक्यात रक्त असतं जेमतेम ५०-७० मायक्रोलिटर. प्लाझ्मावरच्या चांगल्या चाचण्या मिलिलिटरमागे २०-४० प्रतीही पकडतात. ठिपक्याला ते जमत नाही.

तरी ही पद्धत टाकाऊ मुळीच नाही. विषाणू १००० प्रतींच्या वर आहे की खाली, हे ती बऱ्यापैकी सांगते. मलावी, केनियातल्या ज्या दुर्गम दवाखान्यांत सेंट्रिफ्यूज नाही, शीतपेटी नाही, तिथे तपासणीच न होण्यापेक्षा ठिपका केव्हाही बरा. फक्त कार्ड उन्हात न ठेवता पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत पाठवायला हवं. दमट कार्डातला आरएनए खराब होतो.

तुमच्या केंद्रात प्लाझ्माची सोय आहे, तेव्हा शिरेतलंच रक्त द्या. पुढे कधी ठिपक्यावरून आकडा १००० च्या वर आला, तर गोळ्या मुळीच थांबवू नका. डॉक्टरांना भेटा आणि प्लाझ्मावर फेरतपासणी होईल का, ते विचारा.