संगणकाची जोडणी व मदतकेंद्राशी संभाषण

खेड्यातील शाळेत संगणक बंद पडला म्हणजे त्यावर कापड चढते आणि पुष्कळदा ते सत्र संपेपर्यंत उतरत नाही. विक्रेता दोष कंपनीवर ढकलतो, कंपनी विजेवर, आणि वायरमन वीज ठीक असल्याचे सांगून निघून जातो. तास मात्र मुलांचे बुडतात. हा त्रास सर्वस्वी टाळणे शिक्षकाच्या हाती नाही. तथापि त्यातील बराचसा कमी करता येतो.

एका द्विशिक्षकी शाळेची कल्पना करावी. यंत्र संथ चालते म्हणून गुरुजी तालुक्याच्या गावाहून रॅमची नवी पट्टी आणतात. ती जागेवर बसत नाही. पट्टी डीडीआर-४ जातीची व यंत्र डीडीआर-३ जातीचे, असा घोळ झालेला असतो. पहिलीस २८८ टोके, दुसरीस २४०. मधली खाचही निराळ्या ठिकाणी. पहिलीस १.२ व्होल्ट दाब लागतो, दुसरीस सामान्यतः १.५ व्होल्ट. सबब पट्टी बसेना तर जोर करू नये. एस.टी.चे दुसरे भाडे मोडक्या पट्टीपेक्षा स्वस्त पडते. आणि जुनी पट्टी नमुन्यादाखल सोबत नेली असती तर तेही वाचले असते.

योग्य पट्टी येते, परंतु पडदा काळाच राहतो व आतून 'पिक्-पिक्' असा आवाज येतो. गुरुजी मदतकेंद्रास दूरध्वनी करून सांगतात, "आमचा संगणक चालत नाही." पलीकडून यंत्राचा अनुक्रमांक विचारला जातो. तो असतो पेटीच्या मागील बाजूस, भिंतीकडे. तो वाचेपर्यंत संपर्क तुटतो. पुन्हा दुसराच मनुष्य बोलतो आणि सारे पहिल्यापासून सांगावे लागते.

तिसऱ्या वेळी गुरुजी आधी कागदावर टिपून घेतात: अनुक्रमांक, पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा, आवाज किती वेळा व किती लांब, हे पट्टी बदलल्यापासून. आवाजांचा अर्थ बनावटीगणिक बदलतो, म्हणून ही मोजणी महत्त्वाची. आता उत्तर त्वरित मिळते: प्लग काढून पट्टी उपसावी व खिटी 'टक्' असा आवाज करीपर्यंत पुन्हा दाबावी. पट्टीची एक बाजू अर्धवट वर राहिली होती, इतकेच.

दुसरा एक दोष फसवा आहे. संगणकातील घड्याळ यंत्र बंद असताना सीआर-२०३२ या ३ व्होल्टच्या, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती संपली की प्लग काढताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षापत्रे तारखेवरून तपासली जात असल्यामुळे ती उघडत नाहीत. शिक्षक इंटरनेटवाल्याकडे तक्रार करतात; त्यास काहीच दोष सापडत नाही व उभयपक्षी राग वाढतो. अशा वेळी प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी.

हमीची मुदत चालू असल्यास पेटी उघडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. सील तोडल्यास हमी संपते, असे कलम काहींत असते. वीजपुरवठ्याची आतील डबी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही तीत विजेचा साठा राहतो. तक्रार क्रमांक मागून घेतल्याशिवाय दूरध्वनी ठेवू नये. तो क्रमांक, तारीख व बोलणाऱ्याचे नाव जडवस्तू नोंदवहीत त्या यंत्राच्या नोंदीसमोर लिहावे, आणि पुढील वेळी बोलणे त्या क्रमांकापासूनच सुरू करावे.