पडलेले पिल्लू आणि आपण



मागच्या शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी चौथीच्या गटातली एक मुलगी बुटांचा खोका दोन्ही हातांनी सांभाळत आली. "काकू, बघा ना, आमच्या गेटपाशी पडलं होतं!" खोक्यात होल्याचे पिल्लू होते. अंगावर पिसे आलेली, मधूनमधून पिवळी लव अजून चिकटलेली, शेपूट अगदी आखूड. अर्ध्या मिनिटात सगळा वर्ग खोक्याभोवती गोळा झाला. कोणी म्हणाले दूध देऊ या, कोणी म्हणाले पाव भिजवून भरवू या. एका मुलाचे बाबा तर आतून चमचा-वाटी घेऊनही आले. मी सगळ्यांना थांबवले. त्या दिवशी जोडाक्षरांचा पाठ राहिला आणि पिल्लाचाच पाठ झाला. तो लिहून द्यावा असे दोघा-तिघा पालकांनी सुचवले, म्हणून या अंकात देत आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. खलिफा सिटीत राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या दारी असाच एक होला पडलेला सापडला. मोठा होता, पिल्लू नव्हे. काचेवर आपटला असावा. मी त्याला हातात घेतले, चोच उघडली आणि चमच्याने दूध घातले. दोन घोट गेले असतील. त्याने मान झटकली, अंग ताठ केले आणि माझ्या हातातच त्याचा जीव गेला. त्याला आधीच खूप लागले असणार, अशी मी मनाची समजूत घातली. नंतर पक्ष्यांविषयी वाचले तेव्हा कळले की लागलेले असो वा नसो, मी केले ते चूकच होते.

पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड त्याच्या जिभेच्या मुळाशीच असते. आपण वरून दूध किंवा पाणी ओतले की ते पोटात जाण्याऐवजी थेट श्वासाच्या वाटेने आत जाऊ शकते. पक्षी घाबरलेला किंवा अर्धवट शुद्धीत असेल तर हमखास तसे होते. शिवाय गाई-म्हशीचे दूध पक्ष्यांना पचत नाही. तुम्ही म्हणाल, होला आणि पारवा पिल्लांना दूध पाजतात असे ऐकले आहे. बरोबर आहे, पण ते दूध वेगळे. आई आणि बाबा दोघांच्याही अन्नपिशवीत, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, ते दह्याच्या चोथ्यासारखे तयार होते आणि पिल्लू त्यांच्या घशात चोच घालून ते खाते. दुकानातले दूध त्याच्या जागी चालत नाही. चिमणीचे म्हणाल तर ती स्वतः दाणे टिपत असली तरी लहान पिल्लांना मुख्यतः किडे आणि अळ्याच भरवते. तेव्हा पाव, भात, दूध यांपैकी काहीही नको.

आता खोक्यातल्या त्या पिल्लाकडे वळू. त्याला काय झाले होते? काहीच नाही! होल्याचे घरटे म्हणजे चार काटक्यांचा पसारा. एसीच्या बाहेरच्या डब्यावर, खिडकीच्या कठड्यावर, दिव्याच्या खोबणीत, जागा मिळेल तिथे. अंडी बहुधा दोन. पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे झाले की घरटे सोडते, पण तेव्हा त्याला नीट उडता येत नसते. थोडे दिवस ते खाली, झुडपात, भिंतीच्या कडेला उड्या मारत काढते आणि आई-बाबा तिथेच येऊन त्याला भरवतात. तुम्ही पहिल्यांदा सायकल शिकताना पडलात, म्हणून कोणी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेले नाही ना? तसेच हे.

म्हणून पहिली गोष्ट उचलणे नव्हे, बघणे. पिल्लाच्या अंगावर पिसे आहेत, ते पायांवर उभे राहते, उड्या मारते, तर त्याला तिथेच राहू द्यावे. अगदी रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेवर असेल तर उचलून जवळच्याच झुडपात ठेवावे, दुसऱ्या गल्लीत नव्हे. अंग उघडे, गुलाबी, डोळे मिटलेले असतील तर ते घरट्यातून खरोखरच पडले आहे. घरटे दिसत असेल आणि मोठ्या माणसाचा हात पोचत असेल तर परत आत ठेवावे. "माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते" असे आपल्या आज्या सांगत, मीही लहानपणी ऐकले आहे. ते खरे नाही. पक्षी आपले पिल्लू वासावरून नव्हे, तर मुख्यतः आवाजावरून आणि जागेवरून ओळखतात.

टिटवीची आणि तित्तराची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच धावू लागतात. हिरवळीवर टिटवीचे कापसाच्या गोळ्याएवढे पिल्लू एकटेच पळताना दिसले की मोठ्या माणसांनाही वाटते, हरवले बिचारे. हरवलेले नसते. डोक्यावर टिट्टिट् करत घिरट्या घालणारी त्याची आई आपल्यालाच हाकलत असते!

हे सगळे कळायला आधी आपल्या आजूबाजूला कोण राहते ते माहीत हवे. खलिफा सिटीत पक्षी बघायला कुठे लांब जावे लागत नाही. सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना पाच मिनिटे मान वर करा. साळुंकी, चिमणी, कावळा आणि पोपट तर आपल्या गावचेच वाटतात. त्यांतले साळुंकी आणि पोपट इथले मूळचे नव्हेत. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही प्रजा. कावळा जहाजांवर बसून आला असे मानतात. म्हणजे तेही आपल्यासारखेच बाहेरून येऊन स्थायिक झालेले! बुलबुल दोन प्रकारचे दिसतात, एक लालबुड्या आणि दुसरा पांढऱ्या गालांचा. फुलांवर भिरभिरणारा काळा-जांभळा इवलासा शिंजीर, विजेच्या खांबावर स्तब्ध बसलेला नीलकंठ आणि पाणी घातलेल्या लॉनवर लांब चोच खुपसत फिरणारा हुदहुद हेही आपले शेजारीच. नीलकंठाचे दर्शन दसऱ्याला शुभ मानतात. गंमत म्हणजे त्या शुभापायी भारतात काही ठिकाणी त्याला पकडून, पाय बांधून घरोघर दाखवीत फिरतात. त्या पक्ष्याला तो दसरा कसा जात असेल, विचार करा.

हुदहुद हा शब्द अरबीच आहे बरे का. बुलबुलही आपल्या मराठीत आणि इथल्या अरबीत एकच. तुमच्या शाळेतल्या अरबी मित्राला हे दोन शब्द म्हणून दाखवा. मराठीत शाहीन ससाणा म्हणतो त्यातला शाहीनही इथले ससाणे पाळणारे लोक सहज वापरतात.

आणखी एका पाहुण्याची ओळख करून द्यायलाच हवी. तो म्हणजे पिवळ्या कंठाची रानचिमणी. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या सालिम अली यांनी दहा-एक वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, हे विचारायला त्यांच्या मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी पक्षी ओळखून दिला, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कपाटच्या कपाट उघडून दाखवले. पाडलेल्या एका पक्ष्यापासून भारतातला सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. तीच पिवळ्या कंठाची चिमणी हिवाळा भारतात काढते आणि वसंतात अमिरातीत येऊन झाडांच्या ढोलीत घरटे करते. आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जातो, ती त्याच्या अगदी उलट! महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ ला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा. आपल्याकडे तेव्हा हवा छान झालेली असते, त्यामुळे आपणही तो पाळायला हरकत नाही. थंडीत अल वथबाला गाडीने जाता येते. तिथल्या तळ्यावर १९९८ साली रोहित पक्ष्यांनी घरटी करून पिल्ले वाढवली आणि त्याच वर्षी ती जागा राखीव झाली.

आता खरोखर जखमी पक्षी सापडला तर काय करायचे? मुलांनो, तुम्ही फक्त मोठ्यांना हाक मारायची. पुढचे पालकांनी करायचे, म्हणून हा भाग त्यांच्यासाठी लिहिते.

आपल्या व्हिलांना मोठमोठ्या काचा असतात. पक्ष्याला काचेत आकाश आणि झाडे दिसतात आणि तो वेगाने आपटतो. अशा वेळी बुटांच्या खोक्याला आधी भोके पाडावीत, तळाशी जुना पंचा घालावा, पक्ष्यावर हलका टॉवेल टाकून त्याला अलगद उचलून आत ठेवावे आणि झाकण लावावे. छाती दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती हलली तरच त्यांचा श्वास चालतो. मग खोका शांत जागी ठेवून द्यावा. अंधारात पक्षी शांत होतो. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून मुलांना दाखवू नये, फोटोही नकोत. इथे एक गोष्ट आपण हमखास विसरतो. पक्ष्याचे अंग आपल्यापेक्षा गरम, ४० अंशांच्या आसपास असते. एसीच्या झोताखाली तो गारठतो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर भाजूनच निघतो. तासा-दोन तासांनी, दिवस असेल तर, खोका बाहेर नेऊन झाकण काढावे. नुसती भोवळ आलेली असेल तर पक्षी स्वतःच उडून जातो. त्याला हवेत उडवू नये.

पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, किंवा मांजराने धरलेले असेल तर घरच्या उपचारावर विसंबू नये. मांजराच्या दाताची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तिच्यातून जंतू आत जातात आणि औषध न मिळाल्यास पक्षी दोन दिवसांत दगावू शकतो. पंखाला आपण पट्टी बांधू नये, हाड वेडेवाकडे बसते. पक्ष्यांचा डॉक्टर गाठावा. ससाण्यासारखा शिकारी पक्षी किंवा बगळा असेल तर उचलूच नये. पहिल्याच्या नख्या आणि दुसऱ्याची चोच, दोन्ही वाईट. बगळा नेमका डोळ्यावर नेम धरतो. अशा वेळी अबू धाबी सरकारच्या ८००५५५ या क्रमांकावर कळवावे. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच-सहा पक्षी एकत्र मेलेले दिसले तर हात न लावता कळवावे.

आपल्यापासून जवळच, विमानतळापुढे स्वैहान रस्त्यावर अबू धाबी ससाणा रुग्णालय आहे. १९९९ साली ते सुरू झाले. मूळ ससाण्यांसाठी, पण पुढे इतर पक्ष्यांवरही तिथे उपचार होऊ लागले. तिथे ससाण्याचे मोडलेले पीस बदलतात! गळून पडलेली पिसे जपून ठेवलेली असतात. त्यांतले नेमक्या मापाचे शोधून, बारीक काडी आणि डिंक यांनी मोडक्या पिसाच्या बुडख्यावर बसवतात. पीस मोडलेला ससाणा पुन्हा नीट उडतो. या देशात ससाण्यांना पासपोर्टही मिळतो, २००२ पासून. आपल्या पासपोर्टाच्या नूतनीकरणाच्या रांगेत उभे असताना मला हे नेहमी आठवते.

बरा झालेला पक्षी ठेवून घेऊ का, असे पहिलीच्या गटातल्या एकाने विचारले. नाही. इथल्या कायद्याने रानपक्षी पकडण्यास मनाई आहे आणि भारतातही १९७२ च्या कायद्याने रानपक्षी पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. आजोबांच्या वेळी ओटीवर मिठू असे, ते दिवस गेले.

तर त्या पिल्लाचे काय झाले? वर्ग अर्ध्यावर सोडून त्या मुलीची आई, ती मुलगी आणि मी, आम्ही खोका घेऊन त्यांच्या गेटपाशी गेलो. कुंपणाच्या झुडपात, मुळाशी सावलीत पिल्लाला ठेवले आणि गाडीत जाऊन बसलो. वीस मिनिटे काही नाही. मुलगी रडवेली झाली. मग भिंतीवर एक होला आला. मान खालीवर करत बराच वेळ बसला, खाली उतरला. झुडूप हलले आणि पिल्लाची चोच त्याच्या घशात गेलेली आम्ही तिघींनीही पाहिली. दुसऱ्या दिवशी झुडपात कोणी नव्हते. पुढे सरकले असेल, की रात्री मांजराने नेले असेल, सांगता येत नाही. पिसे मात्र कुठे सांडलेली नव्हती, हे ती मुलगी तीनदा जाऊन बघून आली.

शब्दार्थ : होला – डव्ह. साळुंकी – मैना. टिटवी – लॅपविंग. तित्तर – फ्रँकोलिन. शिंजीर – सनबर्ड. नीलकंठ – इंडियन रोलर. रोहित – फ्लेमिंगो. ससाणा – फाल्कन. लव – अंगावरचे मऊ बारीक केस किंवा पिसे. ढोली – झाडाच्या खोडातली पोकळी.

स्वाध्याय : (१) पुढच्या शनिवारपर्यंत रोज एकाच वेळी, एकाच खिडकीत दहा मिनिटे बसा. दिसलेले पक्षी वहीत मराठीत लिहा. नाव येत नसेल तर रंग, चोच आणि तो काय करत होता ते लिहा. (२) पसरट मातीच्या ताटलीत पाणी घालून सावलीत ठेवा, मध्ये एक दगड ठेवा आणि पाणी रोज बदला. ताटलीवर कोण कोण आले? (३) तुमच्या घरातल्या कोणत्या काचेवर पक्षी आपटू शकेल, ते बाहेर उभे राहून शोधा. तिच्यावर बाहेरच्या बाजूने चार-चार बोटांहून कमी अंतरावर दोऱ्या किंवा ठिपके लावायचे आहेत. एकच मोठे चित्र चिकटवून भागत नाही. आई-बाबांना मदतीला घ्या. (४) बुटांचा एक खोका भोके पाडून कपाटात ठेवा.