हौशी विमानोड्डाण : खर्च आणि भवितव्य

डोक्यावरून विमान जाऊ लागले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांतील मुलांच्या माना आपोआप वर होतात. आणि आपणही एकदा विमान चालवावे, अशी इच्छा पुष्कळांच्या मनात उत्पन्न होते. चाकरीसाठी नव्हे, तर केवळ आनंदासाठी विमान चालविणे यास हौशी उड्डाण म्हणतात. ही हौस इतकी महाग का, व तिचे पुढे काय होणार, याचा येथे विचार करू.

आपल्या प्रांती या हौसेचे माहेर म्हणजे जुहू. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना 1928 साली झाली. जे. आर. डी. टाटा यांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला; त्यावर 1 हा क्रमांक होता. पुढे 15 ऑक्टोबर 1932 रोजी त्यांनी लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीहून जुहूस टपाल आणिले. त्यातूनच एअर इंडियाचा उगम झाला. एवढ्या मोठ्या उद्योगाचे बीज एका तरुणाच्या छंदात होते, हे विसरता कामा नये.

आता खर्चाकडे वळू. खाजगी परवान्यासाठी वय किमान 17 वर्षे व उड्डाण किमान 40 तास असावे लागते. शिकाऊ विमान तासाला सुमारे 30 ते 35 लिटर इंधन घेते. म्हणजे 40 तासांस 1200 ते 1400 लिटर. हे इंधन मोटारीचे पेट्रोल नव्हे. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून त्यात शिसे मिसळलेले असते. फार वर्षे ते परदेशांतूनच येत असे. 2022 साली इंडियन ऑइलने ते बडोद्यास तयार करण्यास प्रारंभ केला.

परंतु इंधनाहूनही कठीण प्रश्न स्थिर खर्चाचा. समजा, विमानघराचे भाडे, विमा व देखभाल मिळून वर्षास 12 लक्ष रुपये लागतात. विमान 400 तास उडाले, तर तासामागे 3000 रुपये पडतात. 100 तासच उडाले, तर 12000! हौशी लोक कमी झाले की दर वाढतो, आणि दर वाढला की लोक आणखी कमी होतात. असे हे दुष्टचक्र आहे.

दुसरी अडचण जागेची. जुहूभोवती शहर दाटले, शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला. म्हणून क्लबचे शिक्षण धुळ्यास नेण्यात आले. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धकाळातील धावपट्टी आहे; मग तेथेच का उडू नये, असे कोणी विचारील. परंतु ती जमीन आमची, असे तेथील शेतकऱ्यांचे म्हणणे असून जून 2017 मध्ये त्यासाठी उग्र आंदोलन झाले. एकाच्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या शेताने द्यावी काय, हाही हिशेबाचाच भाग होय.

तर मग भवितव्य अंधारातच आहे काय? तसे म्हणता येत नाही. अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधिले व 2020 साली ते धुळ्यास उडविले. त्याच वर्षी युरोपात विजेवर चालणाऱ्या लहान विमानास प्रथमच मान्यता मिळाली. त्यास शिशाचे इंधन लागत नाही. मात्र ते एका वेळी तासभरही उडत नाही. बॅटरीचे वजन कमी होईल तेव्हाच खरा फरक पडेल, आणि ते काम आज वर्गात बसलेल्यांपैकीच कोणाचे तरी आहे.

विद्यार्थ्यांनो, तोवर स्वस्थ बसू नका. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा आहे. कागद, लाकूड व रबर यांची विमाने करून वाऱ्याचे नियम शिकता येतात. पालकांस एवढीच विनंती की, मुलाने ही इच्छा बोलून दाखविल्यास हसू नये आणि कर्जही काढू नये. त्याच्यासमवेत कागद-पेन्सिल घेऊन वरील हिशेब मांडावा. हौस किती मोलाची हे ज्यास समजले, तो ती टाकून तरी देणार नाही किंवा तिच्यापायी घरही बुडविणार नाही.