व्यवसायोपचाराचा अर्ज भरण्यापूर्वी



नीटचा निकाल लागला की रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात आमच्या मार्गदर्शन गटाच्या टेबलापाशी गर्दी होते. मुलांच्या हातात गुणपत्रिका असते, पालकांच्या चेहऱ्यावर काळजी असते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "एम.बी.बी.एस.ला नंबर लागणार नाही, आता दुसरे काय मिळेल?"

काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन एक मुलगी आईसोबत आमच्याकडे आली होती. अर्जाची मुदत दोन दिवसांत संपणार होती. आम्ही घाईघाईने सांगितले, "यादीत जेवढे अभ्यासक्रम दिसतात तेवढे सगळे भरून टाक. जे मिळेल ते घे." तिला व्यवसायोपचार म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी मिळाली. घरात पेढे वाटले गेले. चार महिन्यांनी तिने शिक्षण सोडले. आपण नेमके काय शिकायला आलो आहोत, हे तिला तिथे गेल्यावर कळले आणि ते तिला नको होते. तिचे एक वर्ष गेले, वडिलांचे पैसे गेले आणि ज्याला ही जागा मनापासून हवी होती असा कोणीतरी विद्यार्थी त्या वर्षी बाहेर राहिला. चूक तिची नव्हती, आमची होती. यादी भरायला आम्ही शिकवले, पण यादीतल्या नावांचा अर्थ सांगितला नाही. तो अर्थ सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

1. व्यवसायोपचार म्हणजे काय?

'व्यवसाय' म्हटले की आपल्याला नोकरी-धंदा आठवतो. या विषयात त्या शब्दाचा अर्थ फार मोठा आहे. सकाळी उठून दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत माणूस जे जे करतो ते सगळे त्याचे व्यवसाय. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे आणि शिकणे, आजीचा व्यवसाय भाजी निवडणे, देवळात जाणे, नातवंडांना भरवणे. आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंगामुळे यांपैकी काही थांबले, तर ते पुन्हा कसे करता येईल हे शोधणारा आणि शिकवणारा तो व्यवसायोपचार तज्ज्ञ.

पुष्कळ लोक हा विषय आणि फिजिओथेरपी यांत गल्लत करतात. एक उदाहरण घेऊ. आपल्या गावातल्या एखाद्या बागायतदाराला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. फिजिओथेरपिस्ट त्याच्या स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चालणे यांवर भर देईल. व्यवसायोपचार तज्ज्ञ विचारील, "बाबा, तुम्ही सकाळी उठल्यावर काय काय करता?" मग एका हाताने सदऱ्याचे बटण कसे लावायचे, जाड मुठीचा चमचा कसा धरायचा, न्हाणीघरात आधाराचा दांडा कुठे बसवायचा, मोगऱ्याच्या कळ्या बसून कशा खुडता येतील, याचा तो एकेक करून सराव घेईल. दोन्ही उपचार एकमेकांना पूरक आहेत आणि रुग्णाला बहुधा दोन्ही लागतात. पण काम वेगळे आहे, त्यामुळे ते करणाऱ्याचा स्वभावही वेगळा लागतो.

वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या गाळ्यांत प्रेस मशीनवर काम करणारे शेकडो हात आहेत. एखाद्याची बोटे चिरडली की शस्त्रक्रिया करून डॉक्टर हात वाचवतात. त्यानंतर तो हात पुन्हा स्क्रू पिळण्यास योग्य व्हावा, म्हणून महिनोन् महिने मेहनत घ्यावी लागते. त्यासाठी लागणारा स्प्लिंट व्यवसायोपचार तज्ज्ञ स्वतःच्या हाताने बनवतो. खास प्रकारच्या प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा आणि रुग्णाच्या हातावर बसवून आकार द्यायचा. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेली मुले, अक्षर काढताना अडखळणारी मुले, मानसिक आजारातून सावरणारे लोक, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध हेही याच कामाच्या कक्षेत येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. ती यादी वाचली की हे काम आपल्या आळीतल्या किती घरांना शिवते ते लक्षात येते.

2. परळला रोवलेले रोप

हा अभ्यासक्रम 'नवीन निघालेला' आहे असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात भारतात त्याची सुरुवात 1950 साली आपल्या मुंबईतच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात झाली. ती करणाऱ्या बाई होत्या कमला निंबकर. त्यांचा जन्म 1900 साली अमेरिकेत झाला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या व इथल्याच झाल्या. 1940 च्या दशकात, संसार सांभाळण्याच्या वयात, त्यांनी अमेरिकेत या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन के.ई.एम.मध्ये शाळा उघडली. 1952 साली भारतातील व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांचेच नाव चालवते.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की ही शाखा कोणी 'उरलेल्यांसाठी' काढलेली नाही. चाळिशीच्या वयात पुन्हा विद्यार्थिनी होऊन एका बाईने ती इथे आणली.

3. प्रवेशाची वाट

आपल्या राज्यात या पदवीला बी.ओ.टीएच. म्हणतात. तयारी बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच सुरू होते, कारण अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलांना नंतर हळहळ वाटते.

त्यानंतर नीट परीक्षा. ती मराठीतूनही देता येते. निकाल लागल्यावर राज्याच्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नीट दिली म्हणजे अर्ज आपोआप झाला, असा समज करून घेऊन आमच्या ओळखीच्या एका मुलाने मुदत घालवली होती. नोंदणीनंतर कागदपत्रे तपासली जातात, गुणवत्ता यादी लागते, पसंतीक्रम भरायचा असतो आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या होतात. अभिमत विद्यापीठांचे नियम व शुल्क वेगळे असतात, त्यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी.

कागदपत्रांसाठी जूनची वाट पाहू नका. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे तर लागतेच. ज्यांना आरक्षण लागू आहे त्यांनी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर यांची तजवीज बारावीच्या वर्षातच करावी. एका दाखल्यापायी हातची जागा गेलेली आम्ही पाहिली आहे.

मुंबईत के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांच्या महाविद्यालयांत हा विषय शिकवला जातो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तो आहे. वसई-विरारच्या मुलांना प्रभादेवीला उतरून के.ई.एम. आणि मुंबई सेंट्रलला उतरून नायर गाठता येते. शीवला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. जागा थोड्या असतात, म्हणून पसंतीक्रम विचारपूर्वक लावा. पालिकेच्या वा शासकीय संस्थेतील शुल्क खासगीपेक्षा बरेच कमी असते, हेही ध्यानात ठेवा. शिष्यवृत्तीची माहिती महाडीबीटीच्या संकेतस्थळावर मिळते.

राज्यात हा अभ्यासक्रम अनेक वर्षे साडेचार वर्षांचा राहिला आहे : चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने आंतरवासिता. 2021 साली केंद्राने आरोग्यसेवेतील अशा शाखांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यानुसार अभ्यासक्रमात बदल होत आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने काय केले ते न पाहता आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

4. अभ्यास सोपा आहे का?

नाही. शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र यांपासून सुरुवात होते. पुढे अस्थिरोग, मज्जासंस्थेचे आजार, बालरोग, मनोविकार येतात. त्यासोबत वॉर्डातले काम असते. हे काम संथ असते. एखाद्या मुलाला चमचा तोंडापर्यंत नेण्यास सहा महिने लागतील आणि तेच त्या महिन्यांचे यश असेल. ज्याला चटकन निकाल हवा, त्याचा इथे जीव गुदमरेल. ज्याला माणसांशी बोलायला आवडते, हातांनी काहीतरी बनवायला आवडते, अडचणीतून युक्ती काढायला आवडते, त्याने मात्र हा अभ्यासक्रम यादीच्या तळाशी टाकू नये.

पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी करून रुग्णालये, विशेष शाळा, बालविकास केंद्रे, वृद्धांसाठीच्या संस्था येथे काम मिळते किंवा स्वतःचे केंद्र काढता येते. सुरुवातीचा पगार पाहून काही पालक नाराज होतात. या शाखेत नाव व्हायला वेळ लागतो, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे. परदेशाची ओढ आपल्या भागात मोठी आहे. अमेरिकेत या कामासाठी पदव्युत्तर पातळीचे शिक्षण आणि तिथली परीक्षा लागते. केवळ व्हिसासाठी ही शाखा निवडणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. आपल्या महाविद्यालयाचा अभ्यासक्रम जागतिक महासंघाने मान्य केलेला आहे का, हेही विचारून घ्यावे.

5. अर्जापूर्वी एक दिवस

आता आम्ही टेबलापाशी येणाऱ्या प्रत्येकाला एक अट घालतो. यादीत व्यवसायोपचार भरण्यापूर्वी, परवानगी घेऊन, एखाद्या रुग्णालयाच्या त्या विभागात किंवा विशेष शाळेत निदान एक दिवस बसून या. मोबाईल बाजूला ठेवा. तज्ज्ञ काय करतात, रुग्ण काय म्हणतो ते पाहा आणि मग ठरवा.

गेल्या काही वर्षांत असे जाऊन आलेल्यांपैकी दोघांनी ही शाखा नको म्हणून सांगितले. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही, कारण त्यांचे वर्ष वाचले. एका मुलाने मात्र परत येऊन सांगितले, "एक आजोबा तीन महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा प्यायले. अर्धा सांडला, पण कोणी पुसायला धावले नाही. त्यांनाच पुसू दिले." त्याने ही शाखा पहिल्या पसंतीत भरली. आज तो शिकतो आहे, विरारच्या गाडीत उभ्याने अभ्यास करतो आणि कुरकुर करत नाही!

मध्येच सोडून गेलेली ती मुलगी पुढे वाणिज्य शाखेत गेली आणि आनंदात आहे. भेटली की हसून बोलते. आम्हाला मात्र तिच्यासमोर अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते. तशी पाळी पुन्हा कोणावर येऊ नये.

घरी चर्चा करण्यासाठी :

1. आपल्या घरात वा आळीत आजारामुळे कोणाचे रोजचे कोणते काम थांबले आहे? ते पुन्हा सुरू करायला त्यांना कोणाची मदत मिळाली?

2. पालकहो, मुलाच्या यादीतील प्रत्येक अभ्यासक्रमाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे का?

3. विद्यार्थ्यांनो, एम.बी.बी.एस. ही शाखाच अस्तित्वात नसती, तर तुम्ही पहिली पसंती कशाला दिली असती?